इंद्याचा आकडा

"इंद्रजित दिनकर मगदूम," सर्जेराव तात्यांनी नाव वाचलं आणि मुद्दामच थांबले.

तात्या तालीम मंडळाचे सेक्रेटरी. हातात कागद आणि समोर चार माणसं आली की त्यांच्या अंगात भाषण संचारायचं. तालमीच्या वरच्या पायरीवर उभं राहून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ते एकेका पोराचं नाव आणि त्याच्या रक्तात निघालेला आकडा वाचत होते. खाली अंगणात पोरं उकिडवी बसली होती, त्यांचे बाप-चुलते भिंतीला टेकून उभे होते. आमचं घर तालमीला लागूनच. बाईमाणसानं तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही असा रिवाज, म्हणून मी मधल्या गडग्यावर कोपरं टेकून ऐकत होते. आमच्या गावात तोवर आकडा म्हणजे मटक्याचा. दुसरा कुठला आकडा असा चारचौघांत कुणी वाचला नव्हता.

"बोला की तात्या, का पोराचा जीव घेताय?" कुणीतरी ओरडलं.

"नऊशे बारा!"

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. त्याआधी सगळ्यांचे आकडे शंभर, सव्वाशे, फार तर दीडशे असे निघाले होते. मग एकदम टाळ्या पडल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. माझा भाऊ इंद्या तेरा वर्षांचा होता. तो उठला, मांडीवर एक शड्डू ठोकला आणि लाजून परत खाली बसला. आण्णा, म्हणजे आमचे वडील, तालमीचे वस्ताद. टाळ्या वाजवणाऱ्यांतले ते नव्हते. स्वतःच्या पोरानं कुस्ती मारली तरी मिशीवरून हात फिरवून दुसरीकडं बघायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी दोन्ही हात छातीपाशी आणून टाळ्या वाजवल्या. मी ते पाहिलं आणि मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

तालमीत सगळंच मोजायची सवय. बैठका किती, जोर किती, दूध किती पितोस, वजन किती भरलं. यात जास्त ते चांगलं हे कुणी कुणाला शिकवावं लागत नव्हतं. मग रक्तातला आकडा तेवढा उलटा मोजायचा हे कुणाच्या ध्यानात यावं?

त्या रात्री जेवताना इंद्या मला म्हणाला, "अक्के, तुझा आकडा किती असंल गं? सात? का आठ?"

"तुझ्या टाळक्यात जेवढी अक्कल हाय तेवढा," मी म्हटलं.

"म्हंजे नऊशे बारा!" असं म्हणून तो ठसका लागेस्तोवर हसला. आईनं त्याच्या पाठीवर थोपटलं आणि भाकरीवर लोण्याचा आणखी एक गोळा ठेवला. आण्णा हसू मिशीत दडवत होते.

या आकड्याचं मूळ म्हणजे डॉक्टर गौरी सबनीस. कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात त्या लहान मुलांच्या डॉक्टरकीचं पुढलं शिक्षण घेत होत्या. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठ्या, अंगानं नुसती काडी. पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा चहा आणायला मी आत वळत "मी येतो हं" म्हटलं, तर त्यांना गंमत वाटली. पुण्याकडच्या होत्या. आमच्याकडं बायका अशाच बोलतात हे त्यांना माहीत नव्हतं. आई चुलीपाशी माझ्या कानात म्हणाली, "हिलाच आदी खुराक लावाय पायजे."

आण्णांना त्यांनी फार सोपं करून सांगितलं होतं. हृदयावर ताण आला की ते स्वतःच रक्तात एक हार्मोन सोडतं. आजारी मुलांचं रक्त त्यांच्याकडं रोज यायचं, त्यात तो सापडायचा.

"पण वस्ताद, निरोगी मुलाच्या रक्तात तो किती असतो हे नीट ठाऊक असल्याशिवाय आजाऱ्याचा जास्त आहे असं म्हणायचं कशावरून? तान्ह्या बाळात वेगळा असतो, मोठ्या मुलात वेगळा. शाळांमधली मुलं मी घेतली आहेत. मला अजून हवी आहेत, अगदी ठणठणीत."

आण्णा ताठ बसले. "बाई, तुमी नेमक्या दारात आलाय. उभ्या तालुक्यात ह्या पोरांपरीस निरोगी पोरं दावा, मिशा उतरवून देतो."

"फक्त एक करा. रक्त द्यायच्या आधी दोन दिवस मुलांना व्यायाम नको. विश्रांती घेतलेली मुलं हवीत."

"व्हय व्हय," आण्णा म्हणाले.

आण्णांचं "व्हय व्हय" हे मोठ्या माणसाचा मान राखण्यासाठी असायचं. त्याचा अर्थ ऐकलं एवढाच. हे आम्हा घरच्यांना माहीत होतं, बाईंना कुठून असणार? रक्त घेतलं त्या दिवशी मी परीक्षेसाठी कोल्हापुरात मावशीकडं होते. परत आले तर पोरं दंडावरचे कापसाचे बोळे बिल्ल्यासारखे मिरवत होती. पुढं महिन्याभरानं दवाखान्याचा माणूस जत्रेच्या खरेदीला म्हणून आमच्या बाजूला आला आणि पाकीट देऊन गेला. ते तात्यांच्या हाती पडलं. मग तो पायरीवरचा सोहळा.

बाई स्वतः दुसऱ्याच दिवशी आल्या. जीपमधून उतरल्या त्या तडक सोप्यात. चहाला नको म्हणाल्या. तेव्हाच आईनं माझ्याकडं पाहिलं.

"इंद्रजित कुठं आहे?"

इंद्या आला. बाईंनी त्याला खाली बसवलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, पाठीवरून ऐकलं, नाडी धरली. इंद्या माझ्याकडं बघून डोळे मिचकावत होता. मोठा पैलवान झाल्यावर असेच लोक छाती बघायला येणार, असा त्याचा एकूण आविर्भाव.

"ऐकायला तर ठीक वाटतंय," बाई म्हणाल्या, पण नळी काढली नाही. "वस्ताद, तुमच्या सगळ्याच मुलांचा हार्मोन शाळेतल्या मुलांपेक्षा जास्त निघालाय. हे असं कसं? दोन दिवस विश्रांती दिली होती ना?"

"इश्रांती?" आण्णा हसले. "बाई, त्या दिशी तर पहाटं जरा जादाच घेतली मेहनत. तुमच्या म्होरं पोरं चांगली दिसाय नगंत व्हय?"

साहेब येणार म्हणून शाळा झाडून काढावी, पोरांना तेल लावून भांग पाडावा, तसंच ते होतं. आण्णांनी पाहुण्यांपुढं आपला चांगला माल मांडला होता. बाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. मग तिथंच खांबाला टेकून बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"मेहनत करून लगेच रक्त दिलं?"

"अंघोळी करून दिलं की."

"अहो वस्ताद, मेहनतीनं तो वाढतो!"

"आसं?" आण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा जो उजळला तो मला अजून दिसतो. "तरी मी म्हनतो. बैल जोखायचा तर औताला जुपून जोखावा, दावणीला बांधून काय कळतंय!"

"तसं नाही. नीट ऐका." बाईंचा आवाज चढला. "मेहनतीनं थोडा वाढतो, आणि विश्रांती मिळाली की उतरतो. बाकीच्या मुलांचं मला त्यामुळे समजू शकतं. त्यांचं रक्त माझ्या काही कामाचं राहिलं नाही, ते जाऊ दे. पण इंद्रजितचा आकडा इतका नको. नुसत्या मेहनतीनं इतका चढणार नाही. कदाचित काही नसेलही. पण आत हृदयात काही दोष असू शकतो, आणि तो वरून कळत नाही. त्याला विश्रांती द्या. सोमवारी कोल्हापूरला घेऊन या, हृदयाची सोनोग्राफी करणारे डॉक्टर सोमवारी असतात. मी स्वतः बरोबर थांबेन."

"सोमवारी आणतो."

"आणि तोवर कुस्ती नाही."

आमच्या दारावरूनच जत्रेचा फलक दिसत होता. शनिवारचं मैदान. मोठ्या जोडींच्या खाली लहान गटात इंद्याचा लंगोटातला फोटो, समोर नदीपलीकडच्या तालमीतल्या पोराचा. आण्णांनी तिकडं पाहिलं नाही.

"व्हय व्हय," ते म्हणाले.

बाई गेल्यावर संध्याकाळी पायरीवर तात्यांनी विचारलं, काय म्हणत होती डॉक्टरीण? आण्णा म्हणाले, "आकडा मेहनतीनं वाढतो म्हनं. पोरानं लई मेहनत केली, म्हनून लई वाढला." ते खोटं सांगत नव्हते. त्यांच्या कानांनी तेवढंच घरी आणलं होतं. बाकीचं वाटेत सांडलं. माणूस आपल्याला पेलेल तेवढंच ऐकतो, हे मला पुढं पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या वेळी मला नुसता संताप आला.

"आण्णा, बाई कुस्ती नगं म्हनाल्यात," मी गडग्यावरून म्हटलं.

"तू आत जा."

शुक्रवारी दुपारी मी म्हशींना पाणी दाखवून येत होते. इंद्या वैरणीचा भारा घेऊन पुढं चालला होता. गोठ्याच्या कोपऱ्याशी त्यानं भारा टाकला, भिंतीला हात लावला आणि हळूच खाली बसला. मला वाटलं चेष्टा करतोय. जवळ गेले तर ओठ पांढरे पडलेले, कपाळावर घामाचे थेंब आणि हात छातीवर.

"काय हुतंय रं?"

"काय न्हाई. जरा अंधारी आली."

"आदी कवा आलीया?"

त्यानं तोंड वैरणीकडं फिरवलं. म्हणजे आली होती.

"मी आण्णांना सांगतो."

"अक्के!" त्यानं माझा पदर धरला. "सांगितलंस तर मी जल्मात बोलनार न्हाई तुज्यासंगं. फटू लागलाय माजा. लोक काय म्हनतील, भ्याला? एवढी कुस्ती हू दे. मग सोमवारी काय ती सोनोग्राफी कर की. मी कुटं न्हाई म्हनतोय?"

मी पदर सोडवून घेतला आणि तशीच तालमीच्या दाराशी गेले. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून हाका मारल्या. आण्णा कुस्तीच्या हौदातली माती उकरत होते, गुडघ्यापर्यंत लाल. मी सगळं सांगितलं. त्यांनी खोरं ठेवलं आणि इंद्याला बोलावून घेतलं. पोरं गोळा झाली.

"अंधारी आलती?"

"न्हाई आण्णा."

"अक्का खोटं बोलती?"

"उन्हाचं बसलो हुतो जरा. तिला वाटलं." आणि कुणी सांगायच्या आत त्यानं अंगातला सदरा काढला, हौदाच्या काठावर हात टेकले आणि सपाट्या मारायला लागला. पोरं मोजायला लागली. त्यांचा आवाज वाढत गेला तशी इंद्याची पाठ चमकायला लागली. मी आण्णांकडं बघत होते. ते पोराच्या पाठीकडं बघत नव्हते, तोंडाकडं बघत होते. मध्येच ते म्हणाले, "बास!" इतक्या मोठ्यानं की पोरं दचकली. आण्णा भ्यायले होते. माझा बाप भ्यालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि मला वाटलं, सुटलो. आता नाही पाठवायचे.

रात्री जेवण होईपर्यंत मी त्याच आशेवर होते. इंद्या झोपायला गेल्यावर आईनं विषय काढला.

"जत्रा फुडल्या साली न्हाई का यायची? एक कुस्ती न्हाई केली तर काय आबाळ पडतंय?"

आण्णांनी ताटातल्या ताटात हात धुतले.

"मागल्या साली पोवाराच्या दाजीला ताप हुता," ते म्हणाले. "त्येची म्हातारी ह्याच दारात येऊन रडली. नातवाला उतरवू नका म्हनाली. मी काय म्हनलो तिला?"

आम्हा सगळ्यांना पाठ होतं ते. पैलवानाची आई दाराआड रडते, दारात रडत नाही, असं आण्णा त्या म्हातारीला चारचौघांत म्हणाले होते. दाजी तापातच मैदानात उतरला, खांद्यावर पडला आणि त्याचा हात कायमचा अधू झाला. तालीम सुटली. म्हातारी अजून आमच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायची, आण्णाही तिला बघून मान खाली घालायचे.

"लोकाच्या पोराला तापात उतरवलं," आण्णा म्हणाले, "आनि माज्या पोराचा निस्ता आकडा वाढला म्हनून त्याला घरात बसवू? हौदात कुनाचा बाप म्हनून हुभा ऱ्हाऊ मी? ती म्हातारी थुकंल माज्या तोंडावर. आनि बरोबरच करंल."

"थुकू दे की," आई म्हणाली.

आण्णांनी तिच्याकडं पाहिलं. ते दुष्ट नव्हते. तसे असते तर मला पुढचं सगळं आयुष्य त्यांचा राग राग करून सुखानं काढता आलं असतं. न्यायी माणूस होता तो, दुसऱ्याच्या पोराला एक आणि स्वतःच्या पोराला एक असं त्याला जमत नव्हतं. त्याच्या त्या न्यायात माझा भाऊ सापडला.

"एकच कुस्ती," ते म्हणाले. "सोमवारी न्हेतो मी त्याला. मारुतीची आन."

आई उठली, कोठीच्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. आतून आवाज आला नाही. आण्णा बराच वेळ त्या दाराकडं तोंड करून बसले होते.

शनिवारी दुपारपासून हलगी सुरू झाली. मैदान देवळामागच्या माळावर, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्या काळी बायका मैदानात जात नसत, आम्ही आपल्या माळवदावर उभ्या. दिसायची ती माणसांची पाठमोरी गर्दी, पण भोंगा इतका मोठा की निवेदकानं घोट घेतलेला ऐकू यायचा. जाताना इंद्यानं आईच्या पाया पडून माझ्याही पडल्यासारखं केलं आणि माझ्या पायाला चिमटा काढला. माझ्याशी बोलणार नाही म्हणाला होता, म्हणून बोलला नाही.

"आणि आता लहान गटातली मानाची जोड!" निवेदकाचा आवाज आला. "वस्ताद दिनकर मगदूम यांचा छावा, इंद्रजित! मंडळी, ह्या पोराच्या काळजाची ताकद डॉक्टरांनी रक्त काढून मोजली. किती भरली? नऊशे बारा! साऱ्या तालमीत असा आकडा दुसऱ्या कुणाचा नाही!"

हे तात्यांचं काम. गर्दीनं शिट्ट्या मारल्या. आईनं माझं मनगट धरलं.

कुस्ती लागली. निवेदक भराभर बोलत होता, हलगी त्याच्या वर चढत होती. इंद्यानं पट काढला. समोरचा सुटला. परत भिडले. इंद्यानं त्याला खाली घेतलं, आता पाठ लावायला घिस्सा भरतोय, भरतोय, बघा ह्या पोराचा दम, वस्तादांनी काय घडवलंय बघा. गर्दी ओरडायला लागली तशी शेजारची काकू म्हणाली, "मारली गं पोरानं!" आणि माझ्याही तोंडून ओरड निघाली.

"घिस्सा भरला, आता... आता..." निवेदक म्हणाला. मग थांबला. "अरे सोड. सोड रं त्याला पोरा, दूर हो. पाणी आणा. पंच, बघा जरा. पाणी!"

हलगीवाल्याला गर्दीपलीकडचं दिसत नव्हतं. तो वाजवतच राहिला. भोंगा उघडाच होता आणि त्यातून नदीपलीकडच्या त्या पोराचं रडणं ऐकू यायला लागलं, "मी काय केलं न्हाई, मी काय बी केलं न्हाई, त्यो आपोआप पडला." मग कुणीतरी हलगीवाल्याचा हात धरला असावा.

आई माळवदावरून उतरली कशी मला आठवत नाही. मला आठवतं ते देवळामागची गर्दी दोन बाजूंना सरकली ते. आण्णा इंद्याला दोन्ही हातांवर घेऊन येत होते. सगळ्या अंगाला लाल माती, डोक्याचा फेटा गळ्यात आलेला. इंद्याचा एक हात खाली लोंबत होता. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, पण ते आपलं न्यायचं म्हणून. पुढं शवविच्छेदनानंतर डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची भिंत जाड झालेली होती, बहुधा जन्मापासूनचीच खोड असावी. सोनोग्राफीत दिसली असती.

सोमवारी आम्ही त्याची राख सावडत होतो.

आण्णांनी तालमीला कुलूप घातलं. तात्या दोनदा येऊन गेले, आण्णा त्यांच्याशी बोलले नाहीत. डॉक्टर सबनीस आल्या नाहीत, यायला तोंड नव्हतं असं त्यांना वाटलं असेल. खरं तर गावात फक्त त्यांचंच तोंड खरं बोललं होतं. पोवाराची म्हातारी मात्र आली. आईच्या शेजारी दारातच बसली आणि मोठ्यानं रडली. आईही रडली. आण्णा समोर सोप्यात होते. त्यांनी ऐकलं.

दिवसकार्य झाल्यावर एके सकाळी त्यांनी कुलूप काढलं आणि पोरांना बोलावलं. मला वाटलं, हौद सुरू करतायत, आणि माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. पण त्यांनी पोरांना हौदापाशी जाऊच दिलं नाही.

"दोन दिस कुनी जोर मारायचा न्हाई, बैठक मारायची न्हाई, पळायचं बी न्हाई," ते म्हणाले. "खायाचं आनि निजायचं. परवा कोल्हापूरला जायाचंय."

ते दोन्ही दिवस आण्णा स्वतः तालमीच्या उंबऱ्यावर आडवे पडून राहिले, कुणी आत जाऊ नये म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पोरं निघाली. दवाखान्यात नीट बोलता यायचं नाही म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. पण बोलायची वेळ माझ्यावर आलीच नाही. बाई बाहेर आल्या, आम्हाला बघितलं आणि दारातच थांबल्या.

"पोरं आनलीत," आण्णा म्हणाले. "दोन दिस मातीला पाय लागू दिला न्हाई. आता घ्या रक्त."

"वस्ताद, याची गरज नव्हती..." बाई म्हणाल्या.

"घ्या. तुमचं काम मी बिघडवलं हुतं."

पोरं एकामागं एक बाकावर बसली. एरवी सुईला हसणारी पोरं त्या दिवशी मुकाट्यानं हात पुढं करत होती. सगळ्यांचं झालं, बाई नळ्या लावून ठेवत होत्या, तेव्हा आण्णा त्यांच्यापाशी गेले. मी मागं होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"बाई, एक इचारू?"

"विचारा ना."

"माज्या इंद्याचा आकडा किती असाया पायजे हुता?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"त्या वयाच्या मुलाचा... पन्नास, साठ. फार तर शंभर, वस्ताद."

"म्हंजे कमी."

"हो."

"जेवडा कमी तेवडा बरा?"

"हो. निरोगी मुलाचं हृदय रक्तात फारसं काही सोडत नाही. त्याला गरज पडत नाही."

आण्णांनी मान हलवली. "पन्नास, साठ," ते स्वतःशी म्हणाले. पोराला दुकानातून काही आणायला सांगावं आणि त्यानं ते वाटभर घोकत जावं, तसं ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणत होते.

परतीच्या गाडीत आण्णा खिडकीशी, मी मध्ये आणि कडेला तालमीतला सगळ्यात लहान पोरगा, किसन. गाडीनं शहर सोडलं तेव्हा किसननं माझ्या पलीकडून वाकून विचारलं, "वस्ताद, माजा आकडा कमी आला तर मला हौदात घेनार न्हाईसा व्हय?"

आण्णांनी माझ्यावरून हात लांब करून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"कमी येऊ दे, बाळा," ते म्हणाले. "लई कमी येऊ दे."

मग त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. बाहेर ऊस सरकत होता. बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता, ते म्हणाले, "अक्के, तात्यानं आकडा वाचला, तवा मी टाळ्या वाजीवल्या गं."